भाऊ आणल्याशिवाय वाचणार नाही

मालकाने काठावरून हाक मारली आणि माझा भाऊ काहिलीत उभा राहिला.

नदीच्या ऐन मध्यात. कासारी दोन्ही काठ सोडून शेतात शिरली होती, पाणी गढूळ, वरून ओंडके आणि कडब्याच्या पेंढ्या वाहत येत होत्या. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळतात ती लोखंडी कढई. पाच-सहा माणसं मांडी घालून बसतील एवढी रुंद, पण खोली गुडघ्याएवढीच. आमच्या भागात पूर आला की गुऱ्हाळातली पालथी ठेवलेली काहील उचलून आणतात, पाण्यात सोडतात, आत माणसं बसवतात आणि पोहणारे गडी तिच्या काठाच्या कड्या धरून तिला पलीकडे ढकलत नेतात. तिला पुढं-मागं काही नसतं. वल्हं नाही, सुकाणू नाही. तिच्यात बूड टेकून मधोमध बसायचं आणि पलीकडे लागेपर्यंत हलायचं नाही. हे आमच्याकडच्या रांगत्या पोराला कळतं. माझ्या भावालाही कळत होतं. पण हाक आली आणि तो "जी!" म्हणून ताठ उभा राहिला.

काहील एका अंगाला कलली. काठावरून पाणी आत आलं, आणि भाऊ पाठीवर पडला तो थेट बाहेरच गेला. ओरडलासुद्धा नाही. मी ज्यांच्या घरी कामाला होते त्या काकू त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पुढं झेप घेतली आणि त्याचं मनगट पकडलं. काकूंचं अंग भरलेलं. त्या अर्ध्या बाहेर, भाऊ पाण्यात लोंबकळलेला, आणि ती बाजू खाली खाली चाललेली.

ढकलणारे दोन गडी होते, पाठीला भोपळे बांधून पोहणारे. त्यातला एक ओरडला, "बाई, सोडा त्येला! हात सोडा, न्हायतर समदी बुडशीला!"

काकूंनी हात सोडला नाही.

त्या पाण्यात आम्ही का गेलो होतो, ते सांगायचं तर एका पुस्तकापासून सांगायला पाहिजे.

माझी आई तापाने गेली तेव्हा मी आठ वर्षांची आणि भाऊ चार-पाच वर्षांचा. बाप कबनूरला मागावर कामाला गेला आणि तिकडेच त्याने दुसरं घर केलं. चुलत्याला स्वतःचीच पोरं जड. त्याने आम्हा दोघांना दोन ठिकाणी लावून दिलं. मला कोल्हापुरात एका हायस्कूल मास्तरांच्या घरी, आणि भावाला गावातच एका बागाईतदाराकडे. दोघंही पोटावारी. पोटावारी म्हणजे दोन वेळचं खाणं, वर्षाला कपडा, आणि सांगतील ते काम. मोठा गडी असतो त्याचं साल ठरतं. तो पाडव्याला लागतो, पाडव्याला सुटतो, पाहिजे तर दुसरा मालक बघतो. पोटावारी पोराचं काही ठरत नाही. ते असतं तिथं असतं.

माझं वाईट चाललं नव्हतं, उगीच खोटं कशाला बोलू? मास्तरांच्या घरात ते आणि काकू दोघंच. मुलगी लग्न होऊन सांगलीला गेलेली. काकूंनी मला म्युन्सिपाल्टीच्या शाळेत दुसरीत घातलं. सकाळची भांडी आणि झाडलोट उरकायची, शाळेत जायचं, आल्यावर दळण, निवडण. मी चौथी पास झाले आणि शाळा थांबली. त्या वेळी मुलीला चौथी म्हणजे पुष्कळ झालं असं सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचे. आणि शाळा थांबायला आणखी एक कारण झालं ते काकूंचे डोळे.

काकूंच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या. डॉक्टर पापणी उलटी करून मोरचुदाचा खडा घासायचा. काकू त्याला तिथंच शिव्या द्यायच्या आणि घरी येऊन म्हणायच्या, "देवमाणूस आहे हो." डॉक्टरने वाचन बंद केलं. ही मोठीच शिक्षा होती, कारण ही बाई जेवतानासुद्धा मांडीवर पुस्तक घेऊन बसणारी. आमटी उतू गेली तरी तिला पत्ता नसायचा, मी धावायची. वाचन बंद झाल्यावर दोन दिवस त्या घरभर नुसत्या येरझाऱ्या घालत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "चौथी पास झालीस ना? मग दाखव पास झालीस ती."

तेव्हापासून रोज दुपारी भांडी झाली की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, तिथं उजेड चांगला यायचा. काकू आत चटईवर, डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून आडव्या. मास्तर वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि मी ती वाचायची. सुरुवातीला अडखळायची. जोडाक्षर आलं की काकू झोपल्या जागी ते पुरं करायच्या, कारण निम्मी पुस्तकं त्यांना आधीच पाठ होती.

पावसाळ्याच्या तोंडाला मास्तरांनी एक पुस्तक आणलं, ते मात्र काकूंनीही वाचलेलं नव्हतं. कव्हर फाटलेलं. कुणीतरी इंग्रजीवरून मराठीत केलेली कादंबरी. अमेरिकेत पूर्वी गुलाम ठेवायचे त्या वेळची गोष्ट. एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ, दोघं एका मोठ्या भातशेतीवर गुलाम. त्यांची नावं मला काही केल्या म्हणता येईनात. दर ओळीला मी अडायची, काकू वैतागायच्या.

"नावं सोड गं ती! बहीण म्हण आणि भाऊ म्हण. आपल्याला काय त्यांची सोयरीक करायचीय?"

मग मी नाव आलं की ते गिळायची आणि बहीण म्हणायची, भाऊ म्हणायची. वाचायला सोपं झालं, पण माझं मन मात्र त्याने थाऱ्यावर राहीना.

कारण बहीण मालकाच्या स्वयंपाकघरात राबायची आणि भाऊ भाताच्या शेतात पाखरं राखायचा. हातात एक डबा, त्यात खडे, तो दिवसभर वाजवायचा. खाली बसला तर मार. मी वाचत होते अमेरिकेचं आणि मला दिसत होता आमच्या गावचा राखणीचा माळा, शाळवाच्या कणसांवर आलेली पाखरं, आणि गोफण उचलेना म्हणून नुसता हो हो करून ओरडणारं आमचं पोर. गुलाम म्हणजे काळा माणूस असतो, त्याला बाजारात विकतात, हे मास्तरांनी मला समजावून सांगितलं होतं. आम्हाला कुणी विकलं नव्हतं. तेवढा फरक मला कळत होता. पण भाताच्या शेतातल्या त्या पोराने बहिणीला विचारलं, "मी इथं किती दिवस राहायचं?" आणि बहिणीला सांगता आलं नाही, तिथं मला फरक सापडेना.

काकू रडायच्या. खुपऱ्यांच्या डोळ्यांत रडलं की आग होते. त्या "आई गं, आई गं" करायच्या आणि लगेच म्हणायच्या, "वाच, थांबू नकोस." मास्तर संध्याकाळी म्हणायचे, "डॉक्टरने वाचायला बंदी केली ती फुकट. मोरचुदापेक्षा हे पुस्तक जास्त झोंबतंय."

मी रडले नाही. मला राग यायचा. कुणाचा ते कळायचं नाही, पण त्या दिवसांत मी भांडी फार जोरात घासायची. एका पातेल्याला पोचा पडला.

गोष्टीत पुढं असं झालं की मालकाने धाकट्या भावाला दुसऱ्या शेतीवर पाठवायचं ठरवलं. बहिणीने ते जेवण वाढताना ऐकलं. तिने भावाला घेतलं आणि दोघं पळाली. भाताच्या तुसात लपली, चिखलातून गेली, आणि शेवटी एका नदीवर आली. पलीकडच्या काठाला लागलं की मोकळी. होडीवाला होता, भला माणूस होता, पण होडी एवढीशी. तो म्हणाला, एकालाच नेतो. बहीण होडीजवळ उभी राहिली. मागून कुत्री भुंकत होती.

तिथं पान संपलं. मी पुस्तक मिटलं.

"थांबलीस का?" काकूंनी पट्टीखालूनच विचारलं.

"मी न्हाई वाचत."

"घसा बसला का? पाणी पी आणि वाच. ती नदीवर उभी आहे गं!"

"काकू, ही पोरं कधीची?"

"असतील शंभर वर्षांपूर्वीची."

"म्हंजे मेली असतील."

"मेलीच असणार. आणि खरी तरी कुठं होती, कादंबरी आहे ती. वाच."

"मग मेलेल्या आणि खोट्या पोरांसाठी डोळं जाळून घेतायसा, आणि माझा भाऊ कासारीच्या पल्याड गोठ्यात झोपतोय त्याचं काय?"

काकूंनी डोळ्यांवरची पट्टी काढली. लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुला भाऊ आहे?"

मी त्यांच्या घरात तीन वर्षं होते. त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. चुलत्याने मला सोडलं तेव्हा "आई नाही हिला" एवढंच सांगितलं होतं. मी त्या दिवशी सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "तो इथं आल्याबिगर मी पुढचं पान वाचणार न्हाई."

"मला अट घालतेस?"

"व्हय."

"जेवायला नाही घालणार."

"नका घालू."

रात्री त्यांनी मला नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त वाढली आणि बोलल्या मात्र नाहीत. मास्तरांना सगळं कळलं तेव्हा ते हसले. "पोरगी संपावर गेली म्हणायची! चिंता करू नका, पुढचं मी वाचतो." त्यांनी वाचायला घेतलं. पण मास्तर शुद्धलेखन घातल्यासारखे वाचायचे. स्वल्पविराम आला की थांबायचे, अवघड शब्द आला की त्याचा अर्थ सांगायचे. बहीण नदीवर उभी आणि मास्तर 'नौका' शब्दाला आणखी शब्द कोणते ते सांगतायत. काकू अर्ध्या पानात म्हणाल्या, "ठेवा ते खाली. तुमच्या हातात ती पोरगी म्हातारी होईल."

दुसऱ्या दिवशीही मी वाचलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला चुलीपासून उठवलं.

"परकर बदल. मलकापूरची गाडी किती वाजता असते?"

मास्तर दाढी करत होते, ते तसेच फेसाच्या तोंडाने बाहेर आले. "अहो, पुराचे दिवस आहेत. दिवाळीनंतर मी स्वतः जाऊन घेऊन येतो."

"ती पोरगी होडीजवळ उभी आहे. तिला दिवाळीपर्यंत उभी ठेवू?"

लोक पुढं म्हणायचे, काय पुण्यवान बाई, परक्या पोरासाठी पुरात गेली. काकू स्वतः असं कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही म्हणत नाही. त्यांना पुढं काय झालं ते ऐकायचं होतं. आणि माझ्याशिवाय त्यांना कुणाचं वाचणं आवडेना. चांगलं काम व्हायला एवढं कारण मला पुरतं.

गाडीत मी काकूंना साल म्हणजे काय, पोटावारी म्हणजे काय, पाडव्याचं काय असतं, ते सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टरने दिलेला काळा चष्मा त्यांनी लावला होता. फाट्यावर उतरून आम्ही चिखलातून नदीपर्यंत चालत गेलो. वाटेत शेतातले लोक काम थांबवून बघायचे. काळ्या चष्म्याची बाई त्या रस्त्याने तोवर कुणी गेलेली नसावी.

काहील बघून काकू थबकल्या. "ह्यात गूळ करतात ना गं?"

गडी म्हणाला, "व्हय की. बसा पावणं, आज काय तुमचा गूळ करत न्हाई."

मी त्यांना कसं बसायचं ते दाखवलं. त्या पलीकडे लागेपर्यंत डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या आणि मधेच "आलं का गं?" विचारत होत्या.

भावाच्या मालकाच्या दारात गेलो तेव्हा ओसरीवर तो दोर वळत बसला होता. काळा चष्मा बघून चटकन उभा राहिला. त्याला वाटलं सरकारातून कुणी आलं. मी कोण ते कळल्यावर पुन्हा बसला.

काकूंनी पहिल्यांदा पुस्तकातलंच काढलं. म्हणाल्या, "अमेरिकेत पूर्वी अशीच लहान लहान पोरं राबवायचे. कायद्याने बंद झालं ते."

मालकाने आपल्या म्हाताऱ्या आईकडे बघितलं. ती आत जोंधळे निवडत होती. "आई, ही बाई आमेरिकेचं काय म्हंती बघ." मग काकूंना म्हणाला, "बाई, मी काय इकत घेतलाय व्हय पोराला? मारतोय? उपाशी ठेवतोय? इचारा गावात."

खरंच होतं ते. तो मारत नव्हता, उपाशी ठेवत नव्हता. वाईट माणूस नव्हताच तो. फक्त हे एक पोर आहे, हे त्याच्या ध्यानात यायचं नाही. बैल आहे, म्हैस आहे, पोरगं आहे.

"मग द्या की त्याला," काकू म्हणाल्या.

"पाडव्याला या. साल मोडून मधनंच सोडला तर गावात माझं हसं व्हईल."

"साल काय ठरलंय त्याचं?"

मालक दोर वळायचा थांबला.

"किती पोती जोंधळा? कपडे किती जोड? कुणासमोर ठरलं?"

"त्ये पोटावारी हाय."

"मग मोडतंय काय?" काकू म्हणाल्या. "ठरलंच नाही ते मोडणार कसं? तुम्ही पोटाला घालत होता म्हणून तुमच्याकडे होता. उद्यापासून मी घालते."

आतून म्हातारी हसली. "बाई बोलती त्ये खरं हाय रं."

"आई, तू गप."

"म्या गप बसती. म्हस तूच न्हे चारायला."

मालकाने दोर वळून पुरा केला. मग मला म्हणाला, "जा, गोठ्यात हाय बघ. त्येलाच इचार. येत असला तर न्हे."

भाऊ म्हशीमागं उभा होता. सगळं ऐकत होता. तीन वर्षांत एवढा वाढला होता की वाटेत भेटला असता तर मी ओळखला नसता. हाडकुळा, डोक्यावर पोत्याची खोळ. मी म्हटलं, "मी आक्का." तो म्हणाला, "ठावं हाय." एवढंच. त्याने म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"येतोस का?"

"तिकडं म्हस हाय?"

काकू दारातून वाकून म्हणाल्या, "आमच्याकडे म्हैस नाही. पण आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी म्हशी येतात. चौकात उभ्या करून लोकांसमोर धार काढतात. तू भांडं घेऊन जायचं."

"दुसऱ्याच्या म्हशी?"

"दुसऱ्याच्या. पण हात लावू देतात."

त्याने विचार केला. म्हशीला पाणी दाखवलं, पुढ्यात वैरण टाकली, वासराचं दावं सैल केलं, आणि मग आमच्यामागून बाहेर आला. म्हातारीने फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून दिली आणि त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मालक कुठं दिसला नाही.

आम्ही तिघं काहिलीत बसलो. मी एका बाजूला, काकू आणि भाऊ दुसऱ्या बाजूला. गड्यांनी ढकललं. मध्यावर आलो आणि मागून काठावरून आवाज आला.

"ए पोरा!"

इथं मी पहिल्यांदा सांगितलं ते झालं.

गड्याने हात सोडा म्हणून ओरडून सांगितलं आणि काकू म्हणाल्या, "नाही." पाणी त्यांच्या तोंडात जात होतं, तरी मला ते ऐकू आलं. काळा चष्मा केव्हाच गेला होता. मी त्यांना ओढायला पुढं गेले असते तर काहील तिथंच पालथी झाली असती. मी उलट्या बाजूला गेले, काठावरची कडी दोन्ही हातांनी धरली आणि बाहेरच्या अंगाला पाठ टाकली. जेवढं वजन होतं तेवढं टाकलं, पण ते किती असणार? मग तोच ओरडणारा गडी पोहत माझ्या बाजूला आला आणि काठाला लोंबकळला. "दाब पोरी, दाब!" काहील थोडी सावरली. दुसरा गडी भावाकडे वळला, पण प्रवाहात काहील गरगर फिरत होती. तो हात घालायचा आणि भाऊ दुसरीकडे जायचा. भावाचं डोकं दिसायचं, परत जायचं. काकूंचा हात तेवढा दिसायचा, ताठ.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आम्ही वाहत खाली जिथं शेतं बुडाली होती तिथं आलो. बांधावरच्या बाभळींचे नुसते शेंडे पाण्यावर होते. काहील त्यांत घुसली आणि अडकली. काटे माझ्या पाठीत शिरले, ते मला रात्री कळलं. आणि तेवढ्यात पाण्यातून मालकाचं डोकं वर आलं. त्याने काठावरून तसाच सूर मारला होता, पटक्यासकट. तो भावाच्या खाली गेला, खांद्यावर घेतला आणि वर लोटला. काकू आणि भाऊ दोघं एकदम आत कोसळले. मालक बाभळीला धरून राहिला आणि गड्यांना शिव्या घालत राहिला. गडी त्याला शिव्या घालत होते.

फाट्याच्या बाजूच्या काठाला आम्हाला लावलं. भाऊ निळा पडला होता. मालकाने त्याला पालथा घालून पाठ दाबली, पोटातलं पाणी काढलं. त्याने खोकून डोळे उघडले. मालकाने त्याला एक थोबाडीत दिली.

"हाक मारली म्हनून उठतोस व्हय रं? काय म्हंतोय त्ये तरी ऐकायचं!"

मग स्वतःच खाली बसला. पटका वाहून गेला होता, ओल्या डोक्याने बसला. "घोंगडं राहिलंतं तुझं," म्हणाला. "थंडी लागंल म्हनून आनलंतं."

काकूंचा उजवा हात खांद्यातून निखळला होता, तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता. त्यांनी मालकाला विचारलं, "भाकरी खाता का?" भाकरीचा लगदा झाला होता. त्याने तो खाल्ला.

घरी गेल्यावर मास्तर काय काय बोलले ते लिहीत नाही. डॉक्टर त्याहून जास्त बोलला. गढूळ पाण्याने काकूंचे डोळे आणखी बिघडले आणि बरे व्हायला दिवाळी उलटली. खांदा हाडवैद्याने बसवला, पण तो हात पुढं डोक्याच्या वर गेला नाही. काकूंचा अंबाडा मीच घालायची, माझं लग्न होऊन मी सासरी जाईपर्यंत. त्या डोकं हलवायच्या, मी ओढायची, दोघी भांडायचो.

पुस्तक मी तिसऱ्या दिवशी वाचायला घेतलं. भाऊ दारात बसून ऐकत होता. गोष्टीतल्या बहिणीने भावाला होडीत बसवलं आणि स्वतः होडीची दोरी धरून पाण्यातून गेली. दोघंही पलीकडे लागली आणि मोकळी झाली. पुढं शेवटपर्यंत सगळं चांगलंच होतं. काकू या वेळी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "लिहिणारा काही काहिलीत बसला नव्हता."

मलाही तो शेवट पटला नाही. पोरं काठाला लागली आणि मोकळी झाली, असं त्यात होतं. माझा भाऊ कोल्हापुरात आला, त्याला शाळेत घातला, गल्लीतल्या सगळ्या म्हशी त्याला ओळखायला लागल्या, तरी कुणी हाक मारली की तो उभा राहायचा. जेवत असला तर घास हातात घेऊन उभा. झोपेत असला तर अंथरुणात उभा. काकू ओरडायच्या, "बसून ओ दे! बसून!" तो बसायचा, आणि परत हाक आली की परत उभा. बरीच वर्षं असं चाललं. एकदा काकूंनी मागच्या दारातून हाक मारली, तो पुढं कट्ट्यावर गोट्या खेळत होता. तो न उठता ओरडला, "काय गं काकू? येतो की मागनं!" काकूंनी हातातलं काम टाकलं आणि गल्लीतल्या चार घरी जाऊन सांगून आल्या की पोरगा उलटून बोलला.

त्या दिवशी काहिलीत आम्ही तिघं होतो, काकू, मी आणि भाऊ. बाहेर दोन गडी, आणि नंतर पाण्यात उतरलेला मालक. सहाच्या सहा जण वाचलो. आज त्यातली मी आणि भाऊ दोघंच आहोत.